आइस प्लांट सोलापुरात: 'हार्डी' कशापुढे, आणि ओळखायचं कशावरून

माझ्या गच्चीवर पहिलं आइस प्लांट, म्हणजे मांसल पानांचं, पसरणारं फुलझाड, आलं ते जानेवारीतल्या गड्डा यात्रेच्या दिवसांत. नर्सरीवाल्यानं कुंडी हातात देताना सांगितलं, "काकू, लई हार्डी हाय. कायबी होत नाही ह्याला." फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यानं शब्द पाळला. जांभळट गुलाबी फुलं, आणि पाकळ्यांना चमक अशी की कुणी रेशमाचे धागे कापून गोल चिकटवलेत. मे महिनाही सुरकुतत, मान टाकत का होईना त्यानं काढला. मग सप्टेंबरात उत्तरा नक्षत्राच्या पावसाची तीन दिवस झड लागली. चौथ्या दिवशी कुंडी सरकवायला गेले तर अख्खा झुपका हातात आला. खालची खोडं शिजलेल्या घोळाच्या भाजीसारखी बुळबुळीत झाली होती.

त्यानंतर आणखी दोनदा तेच झालं. तिसऱ्यांदा मी नर्सरीवाल्याला दोष देणं थांबवलं आणि 'हार्डी' हा शब्द कुठून आला ते बघितलं.

हार्डी, पण कशापुढे?

या झाडांच्या संदर्भात हार्डी म्हणजे थंडीत, बर्फात तग धरणारं. युरोप-अमेरिकेतल्या बागवानाची काळजी एकच असते, हिवाळ्यात झाड मरेल का. आइस प्लांटमधल्या डेलोस्पर्मा कूपेरी, डेलोस्पर्मा नुबिजेनम या जाती उणे वीस अंशांच्या आसपासची थंडी कोरड्या जमिनीत सोसतात, म्हणून त्यांना हा किताब मिळाला. सोलापुरात पारा बारावर आला की आपण कपाटातून स्वेटर काढतो. म्हणजे त्या किताबाचा आपल्याला उपयोग शून्य.

आपल्याकडे या झाडाला दोन परीक्षा द्याव्या लागतात. एक एप्रिल-मेचं ४२-४४ अंशांचं ऊन, आणि दुसरी जून ते सप्टेंबरची उबदार, ओली रात्र. पहिलीत ते रडतखडत पास होतं. दुसरीत नापास होतं, आणि सोलापूरचा सर्वांत ओला महिना सप्टेंबर असल्यामुळे निकाल तेव्हाच लागतो.

गंमत म्हणजे उबदार दिवसांतला पाऊस या झाडाला परका नाही. डेलोस्पर्माच्या थंडीला काटक जाती दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व भागातल्या, ड्रेकन्सबर्ग डोंगररांगेतल्या आणि लेसोथोतल्या. तिथेही पाऊस उबदार दिवसांतच पडतो. पण लेसोथोची सगळ्यात खोलगट जमीनसुद्धा समुद्रसपाटीपासून सुमारे १४०० मीटरवर आहे, सोलापूर साधारण साडेचारशेवर. तिथे पाऊस पडतो तो उतारावरच्या दगडगोट्यांत, आणि रात्र गार असते. आइस प्लांटच्या कुळातली बरीच झाडं आपली पर्णरंध्रं रात्री उघडतात, हवा घेतात आणि दिवसा बंद करून बसतात, म्हणजे पाणी उडून जात नाही. रात्र गार असली की ही युक्ती चांगली चालते. आपल्या ऑगस्टमध्ये रात्र उबदार, माती गच्च ओली, मुळांना श्वास नाही आणि बुरशीला मात्र सणासुदीचे दिवस.

याच कुळात दुसरा एक गट आहे, दक्षिण आफ्रिकेच्याच पश्चिम केप भागातला. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा असतो. लॅम्प्रॅन्थस, ड्रोसँथेमम, आणि आपल्याकडे हिवाळी फुलांच्या बियांत 'आइस प्लांट' किंवा 'मेसेम्ब्रिअँथेमम' नावानं मिळणारं लिव्हिंग्स्टन डेझी, हे सगळे त्या गटातले. त्यांचं घड्याळ आपल्या नोव्हेंबर-फेब्रुवारीशी छान जुळतं. लिव्हिंग्स्टन डेझी तर एका हंगामाचंच झाड आहे, ते एप्रिलमध्ये वाळलं तर तुमचं काही चुकलं असं नाही. त्याचं आयुष्यच तेवढं.

म्हणून लागवडीच्या आधी एक काम: आपल्याकडे आलंय ते नेमकं कोण आहे हे ठरवणं. पाणी कधी द्यायचं, पावसाळ्यात वाचवायचं की नाही, हे सगळं त्यावर ठरतं.

आधी बघा, आहे तरी कोण

नर्सरीत जायचं तर दुपारी बारा-एकला जा. ऊन लागतं खरं, पण संध्याकाळी गेलात तर फुलं मिटलेली असतात आणि विक्रेता सांगेल तो रंग खरा मानावा लागतो. मेसेम्ब्रिअँथेमम या नावाचा मूळ अर्थच 'मध्यान्हीचं फूल' असा होता. ढगाळ दिवशी यातली बरीच फुलं उघडतच नाहीत. सोबत दहापट मोठं दाखवणारं भिंग असेल तर उत्तम. सराफ वापरतात तसलं घडीचं भिंग माझ्याकडे आहे, नसेल तर मोबाइलचा कॅमेराही चालतो.

पहिली गल्लत होते ती आपल्या 'ऑफिस टाइम'शी, म्हणजे चिनी गुलाबाशी. दोघांचीही पानं मांसल, दोघांनाही ऊन प्रिय, आणि 'आइस प्लांट' म्हणून ऑफिस टाइम गळ्यात मारलेलं मी एकदा स्वतः विकत घेतलंय. फरक सोपा आहे. साध्या ऑफिस टाइमच्या फुलाला पाच रुंद पाकळ्या असतात आणि पानाच्या बगलेत पांढरी लव असते. आइस प्लांटचं फूल शेवंतीसारखं दिसतं, पुष्कळ बारीक चकचकीत पट्ट्या. त्या खऱ्या पाकळ्या नव्हेत, पुंकेसरांनीच पाकळ्यांचं सोंग घेतलेलं असतं. आणि ते शेवंतीसारखं पुष्कळ फुलांचं मिळून बनलेलं डोकंही नव्हे, एकच फूल आहे. पानं बघितली तर ती समोरासमोर जोडीनं येतात, ऑफिस टाइमची तशी येत नाहीत.

घरच्या नातेवाइकाचीही ओळख करून घ्या. शेतात, रस्त्याकडेला पसरणारं श्वेत पुनर्नवा नावाचं तण, म्हणजे ट्रायअँथेमा पोर्टुलाकास्ट्रम, हे आयझोएसी कुळातलं, आइस प्लांटच्याच घराण्यातलं. खुरपून खुरपून हात दुखतात पण ते हटत नाही. सोलापूरच्या उन्हापावसात खरी हार्डी तीच. फुलं मात्र बघण्यासारखी नाहीत, देव एका हातानं देतो तेव्हा दुसरा मागे ठेवतो.

आता खऱ्या मंडळींकडे. पान भिंगाखाली धरा आणि उन्हाकडे तिरकं करा. पृष्ठभागावर दवाचे बारीक थेंब गोठल्यासारखे दिसतात का? ते पाण्यानं भरलेल्या पेशींचे फुगे आहेत, 'आइस' हे नाव त्यांच्यावरूनच पडलं. डेलोस्पर्मावर ते बहुधा दिसतात, ड्रोसँथेममवर तर ठळक दिसतात आणि त्याची खोडंही बोटाला केसाळ, खरखरीत लागतात. पान अगदी गुळगुळीत, फुगे नाहीत, झाड झुडपासारखं उभट आणि फुलांची चमक डोळे दिपवणारी, तर लॅम्प्रॅन्थसकडे संशय घ्या. पान राखट हिरवं, फूल नारिंगी-पिवळं असेल तर मॅलेफोरा क्रोसिया असू शकतं. बोटभर लांब, तीनधारी, तलवारीसारखं पान म्हणजे कार्पोब्रोटस. समुद्रकाठावर लावलेल्या या कार्पोब्रोटसनं कॅलिफोर्नियात आणि भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर स्थानिक झाडांना अक्षरशः पांघरूण घालून मारलंय. त्याच्या छाटणीचे तुकडे ओढ्याकाठी फेकू नका, वाळवून कचऱ्यात टाका.

पण पान फसवतं. सावलीत वाढलेलं आणि उन्हात वाढलेलं एकच झाड दोन वेगळी वाटतात. माझा भरवसा बोंडावर.

फूल वाळून गेल्यावर राहणारं बोंड महिनाभर झाडावरच पिकू द्या. वाळून तपकिरी झालं की तोडा, वाटीत ठेवा आणि त्यावर चमचाभर पाणी टाका. मी हे पहिल्यांदा ओट्यावर चहा उकळता उकळता केलं. बोंड वाटाण्याहून लहान, सुरकुतलेलं, मेल्यासारखं. चहा गाळून वळून बघते तर ते हलत होतं. पाच पाकळ्यांसारखी पाच झाकणं हळूहळू बाहेरच्या बाजूला वळली आणि आतल्या कप्प्यांत खसखशीहून बारीक बी उघडं दिसायला लागलं. वाळवलं की पुन्हा मिटलं. निसर्गात पावसाचा थेंब या उघड्या कप्प्यात पडतो आणि बी उडवतो. म्हणजे ओल असेल तेव्हाच बी बाहेर पडतं. आपले शेतकरी वाफसा बघून पेरतात, हे झाड तेच करतं.

ओळख इथेच पटते. कप्पे पाच, आणि बी उघडंच, त्यावर पडदा नाही, तर ते डेलोस्पर्मा. नावाचा अर्थही तोच, ग्रीकमध्ये 'दिसणारं बी'. कप्पे पाच, पण प्रत्येकावर पापुद्र्यासारखं छत, तर लॅम्प्रॅन्थस किंवा ड्रोसँथेमम. कप्पे चार, तर लोंबत्या कुंडीतलं बेबी सनरोज, त्याच्याबद्दल पुढे सांगते. आठ किंवा त्याहून जास्त, तर मॅलेफोरासारखं काही. बोंड गरदार, पाण्यात टाकून उघडतच नाही, तर कार्पोब्रोटस. आणि वाळलेल्या बोंडाचं टोपण कुंकवाच्या करंड्यासारखं आडवं निघून आलं, तर तुम्ही ऑफिस टाइम घेऊन बसला आहात.

पिवळ्या डेलोस्पर्मांत आणखी एक घोळ आहे. बाजारात सगळ्या पिवळ्यांना नुबिजेनम म्हणतात. फुलाच्या मधोमध पांढरं वर्तुळ असेल तर काँजेस्टम किंवा बासुटिकमकडे बघा, नुबिजेनम आतपर्यंत पिवळं असतं.

ऑनलाइन बियांबद्दल एकच सांगते. निळ्याशार आइस प्लांटचं चित्र दिसलं तर पान उलटा. डेलोस्पर्मात निळं फूल नाही. आणि परदेशातून बी किंवा रोप मागवायचं तर २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशाप्रमाणे आयात परवाना आणि तिकडचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. पाकिटात घालून कुणी पाठवतो म्हणाला तरी नको म्हणा.

संकर ओळखण्याचा नाद

सोलापुरात सहज मिळणारा संकर तुमच्या शेजाऱ्यांच्या लोंबत्या कुंडीतही असेल, कुणाला माहीत नसतं इतकंच. 'बेबी सनरोज' म्हणून विकलं जाणारं, हृदयाच्या आकाराच्या पानाचं, झुलणारं झाड. मूळ जातीचं, मेसेम्ब्रिअँथेमम कॉर्डिफोलियमचं, फूल जांभळट गुलाबी असतं. पण कुंडीतल्या झाडाचं फूल ठसठशीत लाल आणि पान जास्त हिरवं, चकचकीत असेल तर तो बहुधा 'रेड ॲपल' नावाचा संकर असतो. त्याचा दुसरा पालक फिकट पिवळ्या फुलांची हेकेलियानम ही जात. पिवळ्या पालकाचं पोर लाल कसं, हे मलाही नवलच वाटलं होतं. दोन्ही झाडं शेजारी ठेवून बघा: हिरव्या बाह्यदलांत दोन मोठी, दोन लहान अशी चारची मांडणी दोघांत सारखीच, फरक रंगात आणि पानात. या संकराला बी क्वचितच धरतं, म्हणून ते काडीनंच पुढे जातं. आणि सोलापूरच्या पावसाळ्यात टिकण्याच्या बाबतीत माझ्याकडे तरी हेच सगळ्यांत पुढे आहे. नवशिक्यानं इथूनच सुरुवात करावी.

डेलोस्पर्मातले रंगीबेरंगी संकर बरेचसे जपानमधून आले. कोइचिरो निशिकावा या पैदासकारानं 'ज्वेल ऑफ डेझर्ट' आणि 'व्हील्स ऑफ वंडर' या मालिका तयार केल्या. पहिलीतल्या झाडांना गार्नेट, टोपाझ, ओपल अशी रत्नांची नावं आहेत. त्यांच्या फुलांत बाहेर एक रंग, आत दुसरा, मधोमध पांढरं वर्तुळ अशी रांगोळी असते. अमेरिकेत डेन्व्हर बोटॅनिक गार्डनमध्ये 'मेसा व्हर्डे' हे फिकट मोतिया-गुलाबी झाड निपजलं, त्याच्या वाणाचं नाव 'केलाइडिस', तिथले पानायोटी केलाइडिस यांच्यावरून दिलेलं.

पण दोन रंगांचं फूल दिसलं म्हणजे संकरच, असं नाही. 'फायर स्पिनर' नारिंगी-जांभळं असूनही ते दक्षिण आफ्रिकेतून गोळा केलेल्या झाडातून आलेलं आहे. फुलाच्या फोटोवरून 'हे अमुक संकर' असं छातीठोक सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. डोळ्यांनी एवढंच कळतं: पान आणि फूल दोन ओळखीच्या जातींच्या मधलं दिसतंय, बोंडं पोकळ राहतायत किंवा आलेलं बी सरसकट रुजत नाही, आणि रुजलेल्या रोपांत दोन फुलं सारखी निघत नाहीत. तिन्ही खुणा जुळल्या तर 'संकर असावा' म्हणावं. नाव सांगायला मूळ चिठ्ठी लागते.

काळ्या मातीशी भांडू नका

आपली काळी माती ज्वारीसाठी सोनं आहे. आइस प्लांटसाठी ती पावसाळ्यात चिखल आणि मेमध्ये वीट. त्यात वाळू मिसळून काम भागेल असं वाटतं, पण थोड्या वाळूनं ती आणखीच घट्ट बसते.

त्याहून मोठी चूक मी अंगणात केली. दीड-दोन फूट खड्डा काढला, त्यात मुरूम भरला आणि झाडं लावली. दिसायला झकास. पहिल्या मोठ्या पावसात चारी बाजूंच्या काळ्या मातीतून पाणी त्या खड्ड्यात झिरपलं आणि बाहेर जायला वाटच नव्हती. मी झाडांसाठी हौद बांधला होता! म्हणून जमिनीत लावायचं तर खाली जायचं नाही, वर चढायचं. काळ्या मातीवर दगडांचा आडोसा रचून किमान फूटभर, जमल्यास दीड फूट उंच, एका बाजूला उतार असलेला वाफा करा. सगळ्यांत वरच्या कडेला झाड लावा.

कुंडीचं मिश्रण मी घमेल्यानं मोजते. दोन घमेली चाळलेला मुरूम, एक घमेलं खडीक्रशरवरची कच किंवा विटांचे वाटाण्याएवढे तुकडे, आणि अर्धं घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत. कोकोपीट नको, ते पाणी धरून बसतं. मुरूम घेण्याआधी तपासा: काचेच्या बाटलीत मूठभर मुरूम आणि पाणी घालून हलवा. तासाभरानंही पाणी गढूळच राहिलं तर त्यात मातीचा अंश जास्त आहे, धुऊन घ्या. कचेतली पीठ झालेली भुकटी चाळून काढायची, नाहीतर तीच खाली बसून भोक बुजवते. कुंडी मातीची, पसरट, पाच-सहा इंच खोल पुरते. भोकावर खापरीचा तुकडा उपडा ठेवा.

लावताना झाडाची मान, म्हणजे खोड मातीत शिरतं ती जागा, कडेपेक्षा किंचित वर ठेवा. वरून दोन सेंटीमीटर कचेचा थर द्या. पानं ओल्या मातीवर टेकत नाहीत, एवढ्यानं निम्मी कूज टळते.

पाणी, आणि भावानं शिकवलेला धडा

माझ्या धाकट्या भावाची सांगोल्याकडे डाळिंबाची बाग आहे. एकदा दिवाळीला आला तेव्हा मी कुंड्यांवर रोज चूळभर पाणी शिंपडत होते. म्हणाला, "अक्का, ह्याला ताण म्हणत नाहीत. तू नुसती उपाशी मारतीस." डाळिंबाला बहारासाठी ताण द्यायचा म्हणजे पाणी पूर्ण तोडायचं, आणि द्यायचं तेव्हा भरपूर द्यायचं. तेच इथे लागू पडलं. कुंडीच्या तळातून वाहून जाईल इतकं पाणी एकदम द्या, मग मिश्रण तळापर्यंत वाळू द्या. बांबूची काडी खोचून पाच मिनिटांनी काढा, ओली किंवा मातकट आली तर थांबा. पानाला जरा सुरकुती दिसेपर्यंत थांबलं तरी चालतं. रोजच्या शिंपडण्यानं वरची मान ओली राहते आणि मुळं कोरडी, म्हणजे दोन्हीकडून नुकसान.

माझ्याकडे ऑक्टोबर ते फेब्रुवारी पाच-सहा दिवसांनी पाणी जातं. नळाला पाणी येतं तोच दिवस मी ठरवून टाकलाय, लक्षात ठेवावं लागत नाही. मार्चपासून तीन दिवसांनी, तेही संध्याकाळी. आरओ यंत्रातून निघणारं टाकाऊ पाणी घालू नका, त्यात क्षार साचलेले असतात. बोअरचं पाणी जड असेल तर कुंडीच्या कडेला पांढरी पुटं चढतात, तेव्हा नळाच्या पाण्यानं एकदा खळखळून धुऊन काढा.

खताचा हात आखडता ठेवा. नोव्हेंबरात एकदा आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला एकदा एकोणीस-एकोणीस-एकोणीस हे पाण्यात विरघळणारं खत, लिटरला एक ग्रॅम, बस. जास्त दिलं की झाड गुबगुबीत होतं, फुलं विसरतं आणि पहिल्या पावसात नासतं.

ऊन कमीत कमी सहा तास. एप्रिलच्या मध्यापासून मात्र दुपारी अडीच-तीनच्या उन्हापासून वाचवा: पूर्वेच्या भिंतीला हलवा किंवा पस्तीस ते पन्नास टक्क्यांची शेडनेट बांधा. कुंड्या थेट स्लॅबवर ठेवल्या तर खालून मुळं भाजतात, दोन विटांवर ठेवा.

काडी लावणं

हाच या झाडाचा विमा. दसरा ते दिवाळी हा सगळ्यांत चांगला काळ, दुसरा फेब्रुवारी. मे ते जुलै हात लावू नका.

१. फूल किंवा कळी नसलेला, दोन-अडीच इंचांचा शेंडा धारदार ब्लेडनं पेराच्या खाली कापा.

२. खालच्या दोन जोड्या पानं काढा. ओढून तोडलीत तर खोडाची साल निघते, आडवी वाकवून काढा.

३. सावलीत वर्तमानपत्रावर दीड-दोन दिवस पसरून ठेवा. कापलेली जागा कोरडी, करड्या रंगाची दिसली पाहिजे. घाईची काडी कुजतेच.

४. नुसत्या कचेत किंवा कचेत चिमूटभर खत मिसळून लावा. एकाच कुंडीत दहा-बारा काड्या चालतात.

५. पहिलं पाणी तिसऱ्या दिवशी. नंतर कच कोरडी पडेल तेव्हा.

दहा ते पंधरा दिवसांत मुळं येतात. हळूच ओढून बघण्याचा मोह आवरा, नवीन पानांची जोडी दिसली की समजा. महिन्याभरानं स्वतंत्र कुंडीत हलवा.

बी पेरणं, आणि स्वतःचा संकर

लिव्हिंग्स्टन डेझीचं बी ऑक्टोबरची उष्णता ओसरली की पेरा, मंगळवेढ्याकडे मालदांडी ज्वारीची पेरणी उरकते त्या सुमाराला. बी धुळीसारखं असतं, चार चिमटी बारीक वाळूत मिसळून टाका आणि वर अगदी पातळ थर चाळा. डेलोस्पर्माचं बी मात्र झाकायचंच नाही. ट्रे खालून पाण्यात ठेवून भिजवा, वरून झारीनं घातलं की बी कोपऱ्यात गोळा होतं. एक ते तीन आठवड्यांत रोपं दिसतात. पहिली दोन पानं हिरव्या टाचणीच्या डोक्याएवढी असतात. या वयात हवा कोंडली की ती रातोरात आडवी होतात, म्हणून ट्रेवरचं प्लॅस्टिक उगवण दिसताच काढा.

स्वतःचा संकर करून बघायचा असेल तर दोन वेगळ्या जातींची झाडं घ्या. एकाच काडीपासून वाढवलेली दोन झाडं म्हणजे एकच झाड, आणि यातल्या अनेक जातींना स्वतःचा पराग चालत नाही. ज्याला बी धरायचं ते फूल उघडण्याच्या सकाळीच बारीक चिमट्यानं मोकळं करा आणि आतले पुंकेसर काढा. किचकट काम आहे, पहिली पाच फुलं वाया जातात. फुलावर चहा-पिशवीसारखी जाळीची पुरचुंडी बांधा, नाहीतर मधमाशी तुमच्या आधी पोचते. दोन-तीन दिवसांनी मधोमध पाच धाग्यांसारखे स्त्रीकेसर वर आलेले दिसले की दुपारी दुसऱ्या झाडाचा पिवळा पराग रंगाच्या ब्रशनं लावा. पुरचुंडी पुन्हा बांधा आणि देठाला दोरा बांधून त्यावर दोन्ही पालकांची नावं लिहा. महिना-दीड महिन्यानं बोंड वाळलं की वाटीतला तो पाण्याचा खेळ करा आणि मलमलच्या फडक्यातून बी गाळून घ्या.

पावसाळा काढणं

पहिल्या वळवाच्या सरी झाडाला आवडतात, लागू द्या. मृग सरला की कुंड्या पारदर्शक पत्र्याखाली न्या. चारी बाजू उघड्या हव्यात. प्लॅस्टिकचा कागद झाडावर पांघरला तर पाऊस टळतो पण वाफेनं झाड मरतं. या काळात पाणी पानाला सुरकुती आल्याशिवाय नाही, आणि खत अजिबात नाही. वाफ्यातल्या झाडांचे झुपके आतून विरळ करा, हवा खेळली पाहिजे.

आठवड्यातून एकदा बुंध्याशी बोट फिरवा. खोड मऊ, काळपट लागलं तर वाट बघू नका. वरचे निरोगी शेंडे लगेच कापून काड्या करा, कुजलेला भाग मातीसकट फेका आणि ती जागा कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकाच्या द्रावणानं, लिटरला अडीच ग्रॅम, भिजवा. गोगलगायी रात्री बॅटरी घेऊन वेचाव्या लागतात. पानांच्या बगलेत कापसाचा पुंजका दिसला तर तो पिठ्या ढेकूण. इअरबडला स्पिरिट लावून टिपून काढा. कडुलिंबाचं तेल मारायचंच तर संध्याकाळी मारा, उन्हात त्यानं पानं भाजतात.

सप्टेंबरात कितीही काळजी घेतली तरी एखादं जातंच. म्हणून फेब्रुवारीतल्या काड्या मी वेगळ्या ठेवते, लहान कुंड्यांत, वेगळ्या जागी. एकीकडे रोग आला तर दुसरीकडे वाण शिल्लक.

चिठ्ठी

शेवटचं काम सगळ्यांत कंटाळवाणं आणि सगळ्यांत आधी करायचं. प्लॅस्टिकच्या पट्टीवर मार्करनं लिहिलेलं नाव सोलापूरच्या उन्हात एका हंगामात उडतं. मी शीतपेयाच्या डब्याचा पत्रा कापते आणि त्यावर रिकाम्या बॉलपेननं दाबून लिहिते, अक्षरं खोल उमटतात. नाव माहीत असेल तर नाव, कुणाकडून आलं, कुठल्या महिन्यात. माहीत नसेल तर जे दिसतं ते. माझ्या गच्चीच्या दक्षिण कोपऱ्यातल्या एका कुंडीवर तीन वर्षं हीच पट्टी आहे: 'फिकट गुलाबी, मध्ये पांढरं. खोड खरखरीत. बोंड अजून धरलं नाही.'